दोन गुणांचे वाक्य

नववीच्या सहामाही परीक्षेचे पेपर मी तपासत होतो. साल १९९१. मराठीच्या पेपरात व्याकरणाच्या विभागात एक ठरलेला प्रश्न असे : विरोधाभास अलंकाराची व्याख्या सांगून एक उदाहरण द्या. गुण दोन. चाळीस-पंचेचाळीस उत्तरपत्रिकांत चाळीस-पंचेचाळीस वेळा तीच व्याख्या आणि मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेले तेच उदाहरण. अशा वेळी मास्तर वाचत नसतो, त्याची लाल पेन्सिल नुसती चालत असते. एका उत्तरपत्रिकेवर मात्र ती थांबली. व्याख्या अर्धवट होती. उदाहरणाच्या जागी त्या मुलाने लिहिले होते, 'आमच्या गावात सगळे शेतकरी आहेत, पण शेत कोणाचे नाही.'

मी क्षणभर विचार केला आणि शून्य दिले. समासात शेराही लिहिला : 'हा आभास नाही.'

शेरा नियमाला धरून होता. वरवर पाहता दोन गोष्टींत विरोध दिसतो, पण खोल विचार केला की तो नाहीसा होतो, तेव्हा विरोधाभास होतो, अशी पुस्तकातली व्याख्या आहे. आंधळी व्यक्ती 'मला दिसते' म्हणते तेव्हा ती मनाच्या डोळ्यांनी पाहत असते. कवी मरणाला जीवन म्हणतो तेव्हा त्याला कीर्तीचे किंवा त्यागाचे जीवन म्हणायचे असते. गाठ मारायची आणि लगेच सोडून दाखवायची, असा हा खेळ. त्या मुलाच्या वाक्यातली गाठ सुटत नव्हती. कितीही खोल विचार केला तरी शेतकरी होते आणि शेत नव्हते.

हे मला त्या मुलाइतकेच ठाऊक होते. शाळा तालुक्यातल्या दुसऱ्या गावची असली तरी मी स्वतः गव्हाणचा. पनवेल तालुक्यातले, उरणच्या वाटेवरचे, खाडीकडेचे हे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. गव्हाण त्यांतलेच. गावठाण राहिले, घरे राहिली, देऊळ राहिले. भाताची खाचरे आणि खाडीच्या बाजूची खारी जमीन कागदावर दुसऱ्याची झाली. कागदावर अशासाठी म्हणतो, की बरीच वर्षे तिच्यावर काही उभेच राहिले नाही. माणसे सवयीने पावसाळ्यात बांधावर जाऊन उभी राहत. माझे वडील तर चिखलात उतरून एखाददुसरा चोंढाही लावत. सरकारी जमिनीत अतिक्रमण करून पिकवलेला स्वतःच्याच शेतातला तांदूळ आम्ही खाल्लेला आहे.

मुलाला शून्य दिल्यापासून हा विषय माझ्या मागे लागला. मास्तरकी संपून आता काही वर्षे झाली, पण वाचताना अजूनही विरोध कुठे आला आहे आणि तो सुटतो की नाही, हे नकळत पाहिले जाते. वाचकाचीही एखादी खोड असते; माझी ही.

खोडीचे मूळ मात्र पेपरापेक्षा जुने आहे. आमच्या देवळातल्या भजनी मंडळात वडील टाळ घेऊन बसत. अक्षरओळख जेमतेम सहीपुरती, पण अभंग पुष्कळ तोंडपाठ. त्यांत ज्ञानदेवांच्या नावावर गायले जाणारे एक कूट होते. काट्याच्या टोकावर वसलेल्या तीन गावांचे ते कूट बहुतेक मराठी माणसांनी कधी ना कधी ऐकलेले असते. तीन गावांतली दोन उजाड, आणि तिसऱ्यात कधी कोणी राहायला आलेलेच नाही. त्या तिसऱ्यात कुंभार येतात; कोणाला हात नाहीत, तर कोणाला घडवता येत नाही. त्यांच्या मडक्यांत मूग रांधतात, ते शिजत नाहीत. पाहुणे येतात, ते जेवत नाहीत. पुढे पैसे येतात ते खोटे, पैसे पारखायला माणसे येतात ती आंधळी. प्रत्येक कडव्यात तिनांतले दोन आधीच बाद असतात आणि उरलेल्या एकावर आपण आशा ठेवावी, तर तोही कामाचा निघत नाही.

लहानपणी मला या गाण्याची फार गंमत वाटे. पुढे कॉलेजात मराठी विषय घेतला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याचा अर्थ शोधून काढला. तीन म्हणजे सत्त्व, रज, तम. काटा म्हणजे अमुक, कुंभार म्हणजे तमुक. टीकाकारांनी एकेका शब्दाचा हिशेब लावून ठेवलेला आहे आणि कोणाचा हिशेब कोणाशी जुळत नाही. सुट्टीत घरी आलो आणि वडिलांना हे सारे सांगायला बसलो. ते तंबाखू मळत ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "सगलां कललां, तं मंग गानां कशाला बोलायचां?"

तेव्हा मला ते अडाणीपणाचे उत्तर वाटले. आज वाटते, की कूटरचनांवर मी वाचलेल्या पुष्कळ पानांपेक्षा ते जवळ जाते. अर्थ लावणे चूक नव्हे. ज्यांनी ही पदे रचली त्यांच्या मनात परमार्थाचा अर्थ होताच, आणि गुरूवाचून तो कळत नाही असे ती पदे स्वतःच बजावतात. पण अर्थ हाती आला की काट्याचे टोक, हात नसलेला कुंभार, उपाशी बसलेला पाहुणा हे सगळे निवृत्त होतात. नोटेची मोड घेतल्यावर नोट दुकानदाराच्या गल्ल्यात जाते, तसे. आणि गाण्यात तर तेच उरायला हवे असते.

मुक्ताबाईच्या एका अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्यच गिळून टाकते, आणि पुढे असेच एकावर एक अशक्य प्रकार घडत जातात. शेवटी मुक्ताई काय करते? उलगडा करत नाही. हे सारे पाहून ती हसते. नामदेव ज्ञानदेवांच्या काळातल्या इतक्या लहान वयाच्या मुलीला हे हसू कुठून मिळाले असेल, याचे मला अजून नवल वाटते. तिच्याच घरची दुसरी कथा चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची. आलेल्या कथेप्रमाणे चांगदेव चौदाशे वर्षांचे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर अधिकाराने तो मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर समोर पोरगेले वय. शेवटी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगूनही कोरेच राहिलात, असे मुक्ताबाई म्हणाली, ही गोष्ट आपण लहानपणापासून चांगदेवांची फजिती म्हणून ऐकतो. मला मात्र चांगदेवांविषयी थोडी आपुलकी आहे. दोन्ही मायने खरे होते आणि एकच लिहिणे खोटे ठरले असते. मग माणसाने दुसरे काय पाठवायचे? ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले, म्हणजे त्यांना तरी तो कागद वाचता आला होता. शब्दावर ज्याचे एवढे प्रभुत्व, त्याने 'अमृतानुभवा'त शब्दखंडनाचे एक प्रकरणच लिहून ठेवावे आणि शब्दाचे खंडन शब्दांनीच करावे, हाही त्याच घरचा प्रकार.

संतांचे विरोध असे वर उघडणारे असतात. खाली अडकल्यासारखे वाटते, पण वर कुठेतरी वाट आहे, असा भरवसा त्यांत असतो. अद्वैताचे छप्पर डोक्यावर असले की द्वैताला कितीही नाचवता येते. आपल्या काळातल्या लेखकांना ते छप्पर नाही. त्यांच्याकडे विरोध आला की तो घरात राहायलाच येतो.

बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच घ्या : 'जेव्हा मी जात चोरली होती'. या चार-पाच शब्दांवर मी वर्गात एकदा अख्खा तास घालवला होता. अभ्यासक्रमाबाहेरचा होता, पण घालवला. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेणे. इथे माणसाने स्वतःची वस्तू लपवली आहे, आणि तरी तो चोर आहे. बरे, चोरीला जाते ती वस्तू मोलाची असावी. ही तर अशी की ती कोणी फुकट दिली तरी घेणार नाही. रेल्वेत कामाला लागलेला, कवितेचा नाद असलेला एक हुशार तरुण खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. घरमालकाचे कुटुंब त्याला मान देते, त्याच्या शब्दावर डुलते. ज्या दिवशी जात कळते, त्या दिवशी तीच माणसे त्याला मारतात. कालचा माणूस आणि आजचा माणूस यांत एका अक्षराचाही फरक पडलेला नाही. मार खाऊन उठलेला तो तरुण शेवटी मारणाऱ्यांची नावे घेत नाही, मनूचे नाव घेतो. व्याकरणाच्या हिशेबाने 'जात चोरणे' हा शब्दप्रयोगच अशक्य आहे, आणि त्या अशक्यातून वाट काढत कोट्यवधी माणसे शहरांत खोल्या भाड्याने घेत आली आहेत. कोणता खोल विचार केल्यावर हा विरोध नाहीसा होईल?

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ सालच्या नाटकाविषयी इतके लिहिले गेले आहे, की आणखी भर घालू नये. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली, ती सांगतो. एका हौशी नाटक मंडळींचा वेळ घालवण्यासाठी खेळ चालू होतो, लीला बेणारे या शिक्षिकेवर लुटुपुटीचा खटला भरला जातो. आरोप काय, तर भ्रूणहत्येचा. आणि शेवटी न्यायाधीश शिक्षा काय सुनावतात? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा! ज्या कृत्याबद्दल आरोपी उभी केली, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावले जाते, आणि कोर्टातल्या एकालाही त्यात काही खटकत नाही. मी हे नाटक दोनदा पाहिले आणि तीनदा वाचले होते, तरी मलाही खटकले नव्हते. प्रयोगात ते इतक्या सहज येते. मग बेणारेचे ते लांबलचक स्वगत, जे रंगमंचावरचा एकही माणूस ऐकत नाही आणि प्रेक्षागृहातला प्रत्येकजण ऐकतो. म्हणजे आपण ऐकतो खरे, पण आपण तर कोर्टात नाही. आपल्या ऐकण्याचा तिला काही उपयोग नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' (१९५५) या यादीत पाहून कोणी म्हणेल, की यात कसला विरोध? साधीसरळ गोष्ट आहे. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळेला पोरे नाहीत. हळूहळू तो वाडीचा होतो, कारभारी त्याला सांभाळून घेतो, शाळा भरू लागते, सगळे मिळून तालीम बांधतात, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. विखुरलेली माणसे एकत्र येऊन गाव म्हणून उभी राहतात, ती पुस्तकाच्या शेवटाच्या जरा अलीकडे. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरे मरू लागतात, धनगर जगायला बाहेर पडतात, एकेक घर बंद होते. गाव झाले आणि गाव उठले, यांत फार अंतर नाही. शेवटी मास्तरही निघतो.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा मी स्वतः नवा मास्तर होतो, त्यामुळे मला ते मास्तराचे पुस्तक वाटले. तालमीचा भाग वाचून छाती फुगली होती. पुढे काही वर्षांनी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले, की तालीम तिथेच राहिली आहे. पक्की बांधलेली, नवी. माणसे गेली आणि इमारत राहिली. माडगूळकर यावर काही भाष्य करत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्या वाचनात मला देवळातले ते कूट आठवले. एक वसेना म्हणून टाळ वाजवणारी माणसे आठवली.

वडील १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात होते. जमिनीला योग्य भाव द्या म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. वडील दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा घरी आले, एका पायात चप्पल नव्हती. काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. पुढच्या एकादशीला देवळात कूट सुरू झाले आणि आंधळ्या पारख्यांचे कडवे आले, तेव्हा सगळे मंडळ मोठ्याने हसले. मोजणीला आणि मूल्यांकनाला येऊन गेलेले साहेब प्रत्येकाला आठवले असणार. त्या रात्री सत्त्व-रज-तम कोणाच्याही मनात नव्हते. सातशे वर्षांपूर्वीचे पद एका खाडीकाठच्या गावाने आपल्या जमीन-व्यवहाराला लावले आणि ते चपखल बसले. ग्रीक नाटकातला तिरेसियास आंधळा असून त्याला सारे दिसते, आणि डोळस ईडिपसला स्वतःचे घर दिसत नाही. आमच्या देवळात ते नाटक कोणी वाचले नव्हते; पण पाहणारा आंधळा कसा असतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे नाव साडेबारा आणि हाती पावणेनऊ. बोलताना आम्ही सगळे साडेबाराच म्हणतो. आणखी एक : महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा कायद्याने शेतकरी असावा लागतो. ज्याची सगळी जमीन गेली, त्याला दुसरीकडे चार गुंठे घ्यावेसे वाटले, तर आपण शेतकरी होतो हे सिद्ध करण्यापासून सुरुवात. जोसेफ हेलरची 'कॅच-२२' ही १९६१ सालची अमेरिकन कादंबरी मी याच सुमारास मराठीच्या एका प्राध्यापक मित्राकडून आणून वाचली. वेडा ठरलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सुटका मिळते. पण सुटकेची मागणी करणारा शहाणा ठरतो, म्हणून त्याला उडावेच लागते. मित्राने ती युद्धाची विनोदी कादंबरी म्हणून दिली होती. मला ती तलाठी कार्यालयात घडते आहे असे वाटत राहिले.

असो. त्या मुलाच्या वाक्याकडे येतो. निवृत्त झाल्यावर हाती वेळ आला, तेव्हा मी जुन्या काव्यशास्त्राकडे वळलो. शाळेच्या पुस्तकात विरोधाला एक खोली दिली आहे. संस्कृत आलंकारिकांनी त्याला वाडा दिला होता. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त विरोध अलंकाराचेच दहा प्रकार सांगितले आहेत. त्याखेरीज शेजारी विभावना आहे : कारण नसताना कार्य घडते. विशेषोक्ती आहे : कारण सगळे हजर, पण कार्य घडत नाही. आणि असंगती आहे : कारण एका जागी, कार्य भलत्याच जागी. जखम एकाला आणि वेदना दुसऱ्याला, अशी तिची उदाहरणे देतात; बहुतेक प्रेमाच्या संदर्भात. मला मात्र वाचतावाचता हसू आले. मुंबईत गर्दी झाली आणि गव्हाणच्या शेतात मोजणीची साखळी पडली, हे असंगतीचे किती शुद्ध उदाहरण आहे! बाराव्या शतकापूर्वीच्या त्या काश्मिरी पंडिताला पनवेल तालुका ठाऊक असण्याचे कारण नाही.

'सगळे शेतकरी आहेत, पण शेत कोणाचे नाही.' शेत हे कारण, शेतकरी हे कार्य, कारणावाचून कार्य. म्हणजे ही विभावना झाली. मला फार आनंद झाला. तीस वर्षांनी का होईना, मुलाचे वाक्य एका अलंकारात बसले होते. अलंकार चुकला म्हणून एक गुण कापला असता, एक तरी दिला असता.

पण दोन दिवसांनी तो आनंद ओसरला. विभावनेतही कवीला चमत्कार दाखवायचा असतो. कारण नाही, असे तो भासवतो, आणि मागे कुठेतरी दुसरे कारण दडलेले असते. त्या मुलाला कसला चमत्कार दाखवायचा होता? चौदा वर्षांचे पोर. घरात बाप 'व्यवसाय' या रकान्यापुढे 'शेती' असे लिहितो आणि सकाळी डबा घेऊन बंदराच्या बाजूला हमालीला जातो. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले होते. गावात ज्याला त्याला हेच दिसत होते. तेच त्याने लिहिले.

जसे आहे तसे सांगणे, यालाही आलंकारिकांनी एक नाव दिले आहे : स्वभावोक्ती. आणि तिच्यावरून त्यांच्यात मोठे भांडण आहे. दंडी तिला अलंकारांत आद्य मानतो. कुंतक 'वक्रोक्तिजीविता'त विचारतो, की वस्तूचा स्वभाव सांगणे हाच जर दागिना, तर मग दागिना घालायचा कोणाच्या अंगावर? प्रश्न बिनतोड आहे. मी बहुधा कुंतकाच्या बाजूचा होतो. पण गव्हाणमध्ये बसून पाहिले तर वाटते, की एकाच वाक्याचा बाहेरच्याला विरोधाभास दिसतो आणि आतल्याची ती स्वभावोक्ती असते. बागुलांचे शीर्षक पांढरपेशा वाचकाला चमत्कृतिपूर्ण वाटते. ज्याने खोली भाड्याने घेताना आडनाव गिळले आहे, त्याला त्यात चमत्कृती कुठली? ती वाट माहीत असलेला माणूस ते शीर्षक वाचून नुसती मान हलवील. मुक्ताबाईला मुंगी खरोखरच तशी दिसली असेल, म्हणून ती हसली असेल. 'हा आभास नाही' असे मी समासात लिहिले होते. गुण शून्य दिले नसते, तर तो शेरा म्हणजे शाबासकी होती.

इथे माझ्याही घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख फारच सोज्वळ होईल. साडेबारा टक्क्यांतला आमचा भूखंड अखेर मिळाला आणि आम्ही भावांनी तो बिल्डरला दिला. वडिलांनी अंगठा नव्हे, सहीच केली. तेवढी त्यांना येत होती. माझ्या वाट्याला आलेल्या रकमेतून मी घर वाढवले आणि भिंतभर पुस्तकांचे कपाट करून घेतले. 'बनगरवाडी', बागुल, तेंडुलकर, र. वा. दिघ्यांच्या शेतकरी जीवनावरच्या कादंबऱ्या, सगळे त्या कपाटात आहे. जमीन गेलेल्या माणसांची दुःखे मी जमिनीच्या पैशांतून घेतलेल्या पुस्तकांत वाचतो आणि गहिवरतो. वडील गेले २००३ साली. त्याआधी एकदा ते कपाटासमोर उभे राहून पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत होते. "किती गुंठं झालां ह्यां?" त्यांनी विचारले. मी हिशेब केला नाही. हा विरोध मी सोडवायला गेलो तर मला एक तर पुस्तके विकावी लागतील किंवा गहिवरणे बंद करावे लागेल, आणि दोन्ही माझ्याने होणार नाही.

आता गावाभोवती पुष्कळ काही वसले आहे. उलव्याचे टॉवर आमच्या गच्चीतून दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची रेल्वेही धावू लागली. विमानतळासाठी आसपासची दहा गावे उठली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. टॉवरमधल्या पुष्कळ खिडक्यांत रात्री दिवा नसतो. घेतलेल्या आहेत, पण कोणी राहायला आलेले नाही. देवळातले भजन महिन्यातून दोनदा तरी होते. ते कूट म्हणणारे आता तिघेच उरले आहेत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू कमी येते. (हे मी रचून सांगतो आहे असे वाटेल, पण इलाज नाही.)

गेल्या वर्षी वैशाखात एका हळदीला गेलो होतो. डीजे इतका मोठा की मांडवात बोलणे अशक्य, म्हणून बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसलो. एक जाडसर, केस पिकू लागलेला गृहस्थ पाया पडला. कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, म्हणाला. नाव सांगितल्यावर ओळखले. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो पेपर. मी त्याला सगळे सांगून टाकले. शून्य, शेरा, विभावना, कुंतक, सगळे. तो नम्रपणे ऐकत होता. यार्डात साहेबाचे ऐकायची सवय असेल.

"सर, मला तर आठवत पण नाही," तो म्हणाला. "व्याख्या येत नसणार. मग जे खरं होतं ते लिहिलं असेल."

"तुझा मुलगा कितवीत?" मी विचारले.

"नववीतच."

"त्याला अजून असतो का रे हा प्रश्न?"

"असतो ना. तेच उदाहरण असतं, तुमचंच." तो हसला. "पाठ करून लिहितो. दोन मार्क मिळतात."

मग तो उठला आणि माझ्यासाठी ताट आणायला आत गेला.